गल्ली सातची तहान

वेलीला नकाशा वाचता येत नाही, हे मी नगरपालिकेच्या सभेत तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या. चौथ्यांदा एका सदस्यांनी विचारलं, "मग मॅडम, तिला आमच्या वॉर्डाचा रस्ता समजावून सांगणारं कुणी नाही का तुमच्या खात्यात?" सभागृह हसलं. मीही हसले. पाणीपुरवठ्यात चौदा वर्षं काढली की माणूस एकतर हसायला शिकतो, नाहीतर बदली मागतो.

मी प्रांजल दुधाळ, निमसर नगरपालिकेतली उपअभियंता. माझे वडील, तात्या, याच खात्यात सदतीस वर्षं वॉलमन होते. म्हणजे खांद्यावर लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली फिरायचं, ज्या भागाची पाळी असेल तिथला व्हॉल्व्ह सोडायचा आणि पाणी आलं नाही की शिव्या खायच्या. त्यांच्या पोटी मी साहेब होऊन त्याच खात्यात आले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "टेबल खिडकीजवळ हाय का?"

आता ही वेल काय प्रकरण आहे ते सांगते. निमसरचे बिडाचे पाइप माझ्या आजोबांच्या काळातले. शंभर लिटर पाणी सोडावं तर साठ घरांत पोचायचं, बाकीचं माती प्यायची. सगळे पाइप बदलायचे म्हटलं तर गाव विकावं लागलं असतं. तेवढ्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून वेल आली.

कुजक्या लाकडावर एक पिवळट, चिकट जीव वाढतो. त्याला मेंदू नाही, डोळे नाहीत. अन्न शोधताना तो चहूकडे बारीक धागे पसरतो. ज्या धाग्यातून जास्त रस वाहील तो जाड करतो, ज्यातून वाहत नाही तो सोडून देतो. चार दिवसांत त्याचं असं जाळं तयार होतं की भल्याभल्या इंजिनिअरांनी तोंडात बोट घालावं. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी या जीवाची सोयरीक दुसऱ्या एका जिवाणूशी जुळवली. हा जिवाणू पाण्यातला चुना बाहेर काढून त्याचा दगड करतो. आमच्याकडचं पाणी जड. किटलीत, गिझरमध्ये, बादलीच्या बुडाला पांढरे थर धरणारं. तोच चुना आता जमिनीखाली भिंती बांधू लागला. जुन्या पाइपच्या आतून पांढरी नळी वाढत गेली आणि पाइप सडून गेला तरी नळी राहिली. कुठे चिरली तर आठवड्यात आपली आपण बुजायची. जितकं पाणी वाहील तितकी ती जाड व्हायची, कारण वाहतं पाणी हेच तिचं खाणं.

आणि जिथे वाहत नाही तिथे ती उपाशी राहायची. आधी बारीक व्हायची, मग ठिसूळ, मग रेती.

वेल लावली त्या वर्षी मला एक स्वप्न वारंवार पडायचं. गाव पालथं झालंय, घरं मातीत आणि वेल वर उन्हात. पांढरी, ओली, किंचित चमकणारी. मी तिच्याखालून चालतेय, पाणी माझ्या डोक्यावरून वाहतंय आणि थेंबही खाली पडत नाही. जागी झाले की तोंडाला चुन्याची चव असायची. नवरा म्हणायचा, "पान खाऊन झोपलीस काय?"

चार वर्षांनी वेलीनं जे दाखवलं ते आम्हाला कॉलेजात शिकवलेलं होतं, पण मनावर कुणी घेतलं नव्हतं. रस्ता नुसता चालायला नसतो. त्याच्याखाली पाणी असतं, सांडपाणी असतं, वायरी असतात, वर दिवे असतात. रस्ता एक मीटर लांबला की हे सगळं एक मीटर लांबतं आणि जन्मभर सांभाळावं लागतं. शहर महाग की स्वस्त हे बंगला किती मोठा यावर ठरत नाही, दोन दारांमध्ये रस्ता किती यावर ठरतं. मुरलीधर पेठेत घराला घर लागून, तीन-तीन मजले, प्रत्येक गल्ली पुढच्या गल्लीत शिरलेली. तिथे दर घरामागे अडीच मीटर पाइप पुरतो. आणि गावाबाहेरच्या मोरपीस कॉलनीत घरामागे सत्त्याऐंशी मीटर.

या कॉलनीचं नाव उगाच मोरपीस नाही. मधे एक लांब देठ, दोन्ही बाजूंना वळणावळणाच्या गल्ल्या आणि प्रत्येक गल्ली शेवटी गोल होऊन बंद. विमानातून फार सुंदर दिसते म्हणतात. निमसरला विमान येत नाही. बंद गल्लीत पाणी एकाच बाजूनं शिरतं, चार घरांत जातं आणि थांबतं. इतकी वर्षं या थांबलेल्या पाण्याचा खर्च पेठेतली माणसं न कळत उचलत होती. वेलीला असला भिडस्तपणा ठाऊक नाही. तिनं एकेक बंद गल्ली सोडायला सुरुवात केली.

नियम मीच लिहिला होता. वेलीची फांदी सलग नव्वद दिवस अंगठ्यापेक्षा बारीक राहिली तर ती गल्ली बंद करायची. वर्षभर टँकर, मग तिथल्या लोकांना गावात नगरपालिकेची घरं. तोपर्यंत अशा चार गल्ल्या मी सही करून मिटवल्या होत्या. फेब्रुवारीत, वेलीची जाडी दाखवणाऱ्या ऑफिसातल्या पडद्यावर पाचवी दिसली. मोरपीस कॉलनी, गल्ली सात. लांबी पाचशे चाळीस मीटर, घरं सहा. त्यातलं शेवटचं घर तात्यांचं.

तात्यांना ते घर का हवं होतं, हे मी लहानपणापासून जाणत होते. पेठेत आमच्या दोन खोल्यांचं दार थेट रस्त्यावर उघडायचं. पहाटे कुणी कडी वाजवायचं, जेवणाच्या ताटावर कुणी येऊन उभं राहायचं. "हणमंता, आमच्याकडं टिपूस न्हाई!" धरण आटलं तरी दोष चावीचाच. एकदा एका बाईनं रिकामा माठ आमच्या उंबऱ्यावर फोडला. तात्यांनी खापऱ्या गोळा केल्या, हात धुतले आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. सोळा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर हाती आलेलं सगळं घालून त्यांनी कॉलनीतला हा कुणी न घेतलेला टोकाचा प्लॉट घेतला. मागे कुंपणाची उंच भिंत, पुढे रस्ता संपलेला. घरभरणीला ते म्हणाले, "आता माझ्या दारावरनं कुणी जायचं न्हाई." आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे या म्हणून किती विनवलं, पण ते त्या शांततेला सोडून आले नाहीत.

मी त्या रविवारी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते जास्वंद छाटत होते.

"तात्या, वेल बारीक होत चाललीय. मे महिन्यापर्यंत असंच राहिलं तर मला सही करावी लागेल."

"कशापायी बारीक हुतीया?"

"पाणी वापरायला माणसंच नाहीत. सहा घरं, त्यातली दोन कुलपात. तिला वाटतं, इथे कुणाला तहानच नाही."

त्यांनी एक फांदी कापली, तिच्याकडे पाहिलं. "तहान लागली तर ऱ्हाईल व्हय ती?"

"राहील."

"बघू मग," ते म्हणाले आणि पुढची फांदी धरली.

मला वाटलं, म्हातारा माणूस, मनाची समजूत घालतोय. मी त्यांना ओळखत नव्हते असं म्हणायला हरकत नाही.

मार्चच्या मध्याला पडद्यावर गल्ली सातची रेघ फुगायला लागली. मी चष्मा पुसून पाहिलं. अंगठ्याएवढी झाली, मग दोन बोटं. मला इतका आनंद झाला की मी खात्यातल्या सगळ्यांसाठी भजी मागवली. दोन दिवसांनी मुरलीधर पेठेतल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. दुसऱ्या मजल्यावरच्या नळांना पाणी चढत नव्हतं. मी पडद्यावर पेठेच्या रेघा पाहिल्या, त्या बारीक झाल्या होत्या. पाण्यातला चुना काही अमर्याद नसतो. वेल एकीकडे जाड झाली की दुसरीकडे तिला अंग चोरावं लागतं. ती पेठेकडून चुना ओढून गल्ली सातला घालत होती. सहा घरांसाठी.

वेल कधी खाते तेही पडद्यावर कळतं. गल्ली सातची वेळ दुपारी दोन ते चार.

मी एकटीच गेले. मार्चच्या उन्हात मोरपीस कॉलनी झोपलेली होती. कुत्री गाडीखाली, पडदे ओढलेले, हवेत वाळलेल्या हिरवळीचा वास. माझ्याजवळ तात्यांचीच जुनी सळई होती. तिचं एक टोक जमिनीतल्या झाकणावर ठेवायचं आणि दुसऱ्याला कान लावायचा. यंत्रं आहेत आमच्याकडे, पण सळईतून जे ऐकू येतं त्याची मला लहानपणापासून चटक आहे. मी गुडघ्यावर बसले, डोळे मिटले. खाली पाणी चाललं होतं. भरून, संथ, कुणीतरी झोपेत बोलावं तसं. किती वेळ मी तशी बसले होते कोण जाणे. ऊन पाठीवर होतं आणि मला वाटत होतं की मी त्या पांढऱ्या नळीत आडवी होऊन गावाखालून वाहत चाललेय, पेठेखालून, शाळेखालून, सगळ्या झोपलेल्या माणसांच्या खालून.

मग भानावर आले आणि आवाजाच्या मागे चालू लागले. एकेका घराच्या मागच्या अंगणात नळ धो धो सोडलेला. कुलपातल्या दोन्ही घरांचेही. पाणी गटारातून उताराला लागून तात्यांच्या घरामागे चाललं होतं. तात्यांच्या मागच्या पायरीवर पाटी टेकवून ठेवलेली. खडूनं लिहिलं होतं: दोन ते चार, सहा नळ, शहापुरे सरांच्या मागच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे. तेच वळणदार अक्षर, ज्यात ते सदतीस वर्षं गावाच्या पाळ्या लिहीत आले होते. माझ्या बापानं वेलीला खोटी तहान लावली होती.

मला राग आला आणि रागाच्या खाली, लाज वाटते सांगायला, थोडा अभिमानही. आम्हा कुणा इंजिनिअराला हे सुचलं नसतं.

पण सळई अजून काही सांगत होती. नकाशात वेल तात्यांच्या फाटकाशी संपते. मी सवयीनं सळई त्यांच्या मागच्या भिंतीच्या पायाशी टेकवली, आणि तिथेही पाणी वाजत होतं. बारीक, नवं. जिथे कुणी कधी पाइप टाकला नव्हता तिथे.

मी अंगणातली बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि भिंतीपलीकडे पाहिलं.

पलीकडे ओढ्याच्या काठाला गवंड्यांची वस्ती आहे, हे मला कागदावर माहीत होतं. चौऱ्याऐंशी घरं, नगरपालिकेचा नळ नाही, रस्ता नाही म्हणून नळ नाही. भिंतीखालच्या मोरीतून गटाराचं पाणी पडत होतं आणि तिथे दगड रचून नेटका हौद केलेला होता. तोंडाला दुहेरी फडकं. दहा-बारा बाया रांगेनं भरत होत्या. भांडण नाही, गडबड नाही. हौदाच्या कडेला, ओल्या मातीत, मला पांढरे धागे दिसले. वेल भिंतीखालून त्या ओलीकडे निघाली होती.

वीस पावलांवरच्या त्या वस्तीत जायला मला स्कूटरवरून तीन किलोमीटरचा वळसा पडला. मोरपिसाची हीच तर गंमत आहे. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बाईनं नाव सांगितलं महादेवी. पन्नाशीची, हाताला सिमेंटचे कायमचे डाग.

"हे पाणी कधीपासून येतंय?" मी विचारलं.

"म्हैना झाला की ओ ताई. रोज दोनला येतंय, चारला जातंय. येक मिनट हिकडं न्हाई की तिकडं न्हाई." ती हसली. "नगरपालिकेनं आमच्यासाठी नवीन वॉलमन ठेवलाय न्हवं? लई टायमाचा माणूस हाय बघा."

 मी खाली वाकून हौदातलं पाणी पाहत राहिले. त्यात आभाळ पडलं होतं.

परत आले तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि तात्या सगळे नळ बंद करून चहा ठेवत होते. मी आधी शाळेचं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"पोरांचं पानी तुटलं?"

"दुसऱ्या मजल्याचं."

त्यांनी गॅस बंद केला, बाहेर जाऊन पाटी पुसली आणि शेजाऱ्यांच्या मागच्या फाटकांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवला. "उद्यापास्नं बंद. मला ठावं न्हवतं."

त्यांनी कसली सबब सांगितली नाही. मला वाटलं, आता बाकीचं सोपं जाईल. मी पलीकडच्या हौदाचं सांगितलं आणि पाटीवर चित्र काढून दाखवलं. ही गल्ली, ही भिंत, ही वस्ती. गल्ली सात बंद आहे म्हणून मरतेय. ती वस्तीतून पलीकडच्या रस्त्याला जोडली तर पाणी फिरेल, चौऱ्याऐंशी घरांची खरी तहान मिळेल, पेठेकडून ओढायची गरज राहणार नाही. पण नगरपालिकेचा नळ खाजगी जागेतून जात नाही, रस्त्याखालूनच जातो. म्हणून बारा फूट रस्ता हवा.

"कुठनं?" त्यांनी विचारलं, जरी चित्रात दिसत होतं.

"तुमच्या अंगणातून. आणि पूर्वेच्या खोलीतून."

त्यांनी चित्रातल्या खोलीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या दारावरनं वस्ती जानार. गाड्या जानार. भांडणं जानार."

"हो."

"सदतीस वर्सं माझं दार चव्हाट्यावर हुतं, प्रांजल. तुज्या आईला येक घास सुखानं खाऊ दिला न्हाई लोकांनी. मी आता येवढंच मागितलं हुतं."

"तात्या, नाहीतर घरच जाईल. तुम्ही नाही म्हणालात तर मला गल्ली बंद करावी लागेल."

"मग कर की. सही करायला शिकलीयास न्हवं?"

हे त्यांनी शांतपणे म्हटलं, म्हणून जास्त लागलं. मीही कमी नाही. "करीन," म्हणाले आणि चहा न घेता निघाले. वाटेत कॉलनीच्या देठावर, मधल्या रस्त्यावर, स्कूटर थांबवून रडले. त्यांचं म्हणणं खोटं होतं का? नव्हतं. माणसानं म्हातारपणी शांतता मागावी यात गैर काय? पण त्यांच्या शांततेसाठी पाचशे चाळीस मीटर रस्ता, तेवढी वेल, तेवढे दिवे लागत होते आणि ते कुणीतरी दुसरं पुरवत होतं. हे मी परक्या माणसाला तोंडावर सांगितलं असतं. त्यांना सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी गल्ली बंद करण्याची नोटीस घेऊन गेले. शिपायाच्या हाती पाठवता आली असती, पण तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. तात्यांनी नोटीस वाचली, घडी केली, उशीखाली ठेवली. शहापुरे सर येऊन बसले होते. गल्लीतल्या दुसऱ्या घरात राहणारे निवृत्त प्राध्यापक. "कोर्टात जाऊ," ते म्हणत होते, "वस्तीसाठी रस्ता दिला तर प्लॉटची किंमत काय राहील?" 

तेव्हा वळणावर महादेवी दिसली. उन्हातून, डोक्यावर पदर, हातात कापडात बांधलेलं काहीतरी. पाचशे मीटर ती चालत येताना आम्ही तिघं बघत राहिलो. त्या आधी तिनं तीन किलोमीटरचा वळसा घातला होता. ती फाटकाशी आली आणि मला ओळखून म्हणाली, "ताई, वॉलमनचं घर हेच न्हवं? सोसायटीच्या वाचमननं सांगितलं, शेवटचं म्हनून."

तात्यांचा चेहरा मी पाहिला. सदतीस वर्षांत पाणी तुटल्यावर जो कुणी त्यांच्या दाराशी आला तो कशासाठी आला हे त्यांना पाठ होतं. ते उठून उभे राहिले, जुन्या सवयीनं, खाली मान घालून. "मीच. बोला."

"दोन दिस पानी न्हाई आलं, अण्णा."

"व्हय. बंद केलंय."

"न्हाई ओ, पान्याचं न्हाई." महादेवी गोंधळली. "आमी म्हनलं, येवढा टायमाचा माणूस, दोन दिस चुकतोय म्हंजे आजारी पडला का काय. घरात करनारं कोन हाय का न्हाई, कुनाला ठावं. म्हनून बायांनी मला लावून दिलं." तिनं गाठोडं पुढं केलं. "हुलग्याच्या शेंगोळ्या हायत. गरम हुत्या निघताना."

 शहापुरे सर आपल्या चपलांकडे बघत होते. तात्यांनी दोन्ही हातांनी ते गाठोडं घेतलं आणि तसेच उभे राहिले. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. मी माझ्या बापाला आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. आता ते एका अनोळखी बाईसमोर, भर दुपारी, लहान मुलासारखे हुंदके देत होते आणि ती बिचारी घाबरून म्हणत होती, "अण्णा, काय झालं? लई दुखतंय का?"

"न्हाई, न्हाई," ते म्हणाले. "बस तू. उन्हातनं आलीयास. पानी घे."

तिनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बारा फूट म्हनलीस न्हवं?"

"हो."

"पंधरा घे. बाराला दोन गाड्या समोरासमोर आल्या की भांडत्यात. मी बघितलंय."

भिंत पाडायला वस्तीतलीच माणसं आली. ज्यांच्या बापांनी ती बांधली होती त्यांनीच ती एका सकाळीत उतरवली आणि विटा नीट रचून ठेवल्या. पूर्वेची खोली गेली. वेलीला आम्ही काही सांगितलं नाही. खड्डे मोकळे करून दिले, आणि पंधरा दिवसांत ती त्या चौऱ्याऐंशी दारांखाली पोचलेली होती. पावसाळ्यापर्यंत ती मनगटाएवढी झाली. गल्ली सातमध्ये घरामागे नव्वद मीटर नळ होता, तो आता नऊ मीटर पडतो. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर पाणी चढतं. मोरपिसातल्या बाकीच्या गल्ल्या अजून बैठका घेतायत. त्यांच्यातल्या एकीवर मला पुढच्या महिन्यात सही करायची आहे आणि मी ती करणार आहे.

तात्या कधी तक्रार करत नाहीत, पण मला धाकधूक असायची. त्यांच्याकडून मी जे काढून घेतलं ते परत देता येणारं नव्हतं. दारावरून मोटारसायकली जातात, पोरं ओरडतात, कुणाचा बैलही एकदा जास्वंद खाऊन गेला. रविवारी जायचे तेव्हा मी त्यांचा चेहरा न्याहाळत बसायचे आणि ते काहीतरी कामात असायचे. कात्री, झारी, पेपर. माझी स्कूटर वळणावर दिसली की तिथून दारापर्यंत पाचशे मीटर. मी पोचेपर्यंत त्यांच्या हातात काम असायचंच. "आलीस? बस. मी जरा कामात हाय." वर्षानुवर्षं हेच. मी ते जसंच्या तसं खरं धरलं होतं.

परवा बुधवारी वस्तीत मीटर बघायला गेले होते. काम लवकर संपलं, म्हणून स्कूटर तिथेच लावून नव्या रस्त्यानं चालत निघाले. सहा मिनिटांत मी तात्यांच्या घराच्या मागच्या बाजूला होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूनं आले होते, आणि माझ्या येण्याचा तो वारही नव्हता.

तात्या पुढच्या पायरीवर बसले होते. हातात काहीच नव्हतं. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून ते समोर, गल्लीच्या जुन्या तोंडाकडे बघत होते, जिथून माझी स्कूटर वळते. बाजूनं वस्तीतल्या दोन बाया गेल्या, त्यांच्याशी एक शब्द बोलले आणि पुन्हा तिकडेच नजर लावली. मी कोपऱ्याला उभी राहून किती वेळ ते पाहत होते सांगता येणार नाही. सोळा वर्षं हा माणूस असा बसत होता आणि मला वाटत होतं, त्याला कुणी यायला नको आहे.

"तात्या," मी म्हटलं.

ते दचकले, वळले. चाचपडल्यासारखा हात कात्री शोधायला गेला, पण कात्री आत होती.

"कुठनं आलीस गं?"

"मागून. वस्तीतून. चालत आले, सहा मिनिटं लागली."

त्यांनी त्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पायरीवर सरकून मला जागा केली.

"येवढं जवळ पडतंय व्हय," ते म्हणाले. "मग रोज येत जा की."